रीड झडपेची झीज व तिचे निदान

रीड झडप (बोलीभाषेत रीड व्हॉल्व्ह किंवा नुसते रीड) ही द्विधाव म्हणजेच टू-स्ट्रोक इंजिनाच्या आवक मार्गात बसवलेली एकदिशा झडप होय. कार्बोरेटरमधून आलेले हवा, पेट्रोल व तेल यांचे मिश्रण ती क्रँककेसमध्ये जाऊ देते आणि परत येऊ देत नाही. तिचे काम लोहाराच्या भात्याला आतून लावलेल्या कातडी झापडीसारखे आहे. भाता उघडला की झापड उचलली जाते, दाबला की बसते. फरक वेगाचा आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरत असता ही झडप सेकंदाला १०० वेळा, म्हणजे तासाला ३ लाख ६० हजार वेळा उघडते व मिटते. त्यामुळे ती झिजणे, वाकणे किंवा तडकणे ही अपघाताची नव्हे, तर वापराची परिणती आहे.

झिजलेली रीड झडप इंजिन सहसा एकदम बंद पाडत नाही. गाडी चालत राहते, परंतु वाईट चालते, आणि तिची लक्षणे कार्बोरेटर, प्लग, रिंगा किंवा तेल यांच्या दोषांसारखी भासतात. परिणामी दुरुस्ती भलत्याच भागाची होते. त्यातील काही चुकीच्या दुरुस्त्या, विशेषतः जेट लहान करणे व तेल कमी करणे, यांमुळे पिस्टन जाम होऊन इंजिनाचे मोठे नुकसान होते. प्रस्तुत लेखात ही झीज कशी ओळखावी याचे विवेचन केले आहे. उदाहरणे मुख्यतः जळगाव व धुळे जिल्ह्यांतील, म्हणजे खानदेशातील हवामान व वापर लक्षात घेऊन दिली आहेत.

रचना व कार्य

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस ही केवळ क्रँक ठेवण्याची पेटी नसून पंपही असते. पिस्टन वर जाताना तिच्यात निर्वात निर्माण होतो व मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या मार्गांनी सिलिंडरमध्ये चढते. या दोन क्रियांच्या मध्ये कार्बोरेटरचा मार्ग बंद करणारे काहीतरी लागते. जुन्या इंजिनांत हे काम पिस्टनचा घेरच करतो. येझ्दी व राजदूत १७५ ही याची परिचित उदाहरणे. या गाड्यांना रीड नसते, हे निदानाच्या आरंभीच लक्षात घ्यावे, कारण मंद गतीला कार्बोरेटरच्या तोंडातून थोडे मिश्रण परत फेकले जाणे हा त्यांच्या रचनेचाच भाग आहे, बिघाड नव्हे.

रीड झडपेत ॲल्युमिनियमची पाचरीच्या आकाराची एक बैठक असते. तिला कारागीर रीड ब्लॉक किंवा पिंजरा म्हणतात. तिच्या दोन्ही उतरत्या बाजूंना खिडक्या असून त्यांवर पातळ पाकळ्या बसवलेल्या असतात. पाकळीचे एक टोक बारीक स्क्रूंनी आवळलेले, दुसरे मोकळे. बैठकीच्या कडांना बहुधा रबराचा पातळ लेप असतो, जेणेकरून पाकळी आपटताना धक्का कमी बसावा व हवा कोंडली जावी. पाकळीने किती उचलावे हे तिच्या पाठीमागची वाकवलेली पट्टी, म्हणजे स्टॉपर, ठरवते.

पाकळ्या तीन प्रकारच्या आढळतात. पोलादी पाकळी सर्वांत पातळ असते व वर्षानुवर्षे टिकते, मात्र तिचा शेवट वाईट. तुटली तर धातूचा तुकडा इंजिनात जातो. काचतंतू व रेझिनची पाकळी आधी कडेला विस्कटते, मग तडकते, व तिचा तुकडा आत गेला तरी हानी तुलनेने कमी होते. कार्बनतंतूची पाकळी हलकी व ताठ असून जलद इंजिनांत वापरली जाते. तिच्या कडेचे कुसळ निघू लागले की ती बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

भारतीय दुचाकींतील रीड झडप

यामाहा कंपनीने १९७२ च्या सुमारास आपल्या मोटारसायकलींत 'टॉर्क इंडक्शन' या नावाने रीड झडप आणली. भारतात १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने काढलेली राजदूत ३५० (मूळची यामाहा आरडी ३५०) हिच्यात ती होती. तथापि ही झडप गावोगावच्या कारागिरांच्या हाताखाली आली ती १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० मुळे. ९८ घन सेंमी क्षमता व ७,५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती अशी ही गाडी १९९६ पर्यंत बनत होती. पुढे आरएक्स १३५ व तिची भावंडे आली. किनेटिक होंडा या स्वयंचलित गिअरच्या स्कूटरमध्येही रीड झडपच असे. तिचा कारखाना आग्रा मार्गाने धुळ्याच्या उत्तरेस, इंदूरजवळच्या पिथमपूर येथे होता.

उत्सर्जनाचे नियम कडक होत गेल्यावर टू-स्ट्रोक मोटारसायकली बनणे थांबले. रस्त्यावर उरलेल्या गाड्या आता पंचवीस ते चाळीस वर्षांच्या आहेत. एमएच १८ व एमएच १९ क्रमांकाच्या अशा गाड्यांपैकी काही हौसेखातर जपलेल्या, तर काही अजूनही शेतावर व दुधाच्या कॅनसह धावणाऱ्या. दोहोंना एकच अडचण आहे: मूळ कारखान्याचे सुटे भाग दुर्मीळ झाले असून बाजारातील पर्यायी पाकळ्यांचा दर्जा सारखा नसतो. नवा कारागीर चार धावांच्या इंजिनावर शिकतो, आणि त्या इंजिनाच्या आवक मार्गात पाकळी नसतेच. म्हणून रीडचा संशय त्याला सर्वांत शेवटी येतो.

झिजण्याची कारणे

मुख्य कारण धातूचा किंवा तंतूचा थकवा. प्रत्येक फेऱ्याला पाकळी मुळाशी वाकते. कालांतराने तिचा ताण कमी होतो व स्थिर अवस्थेतही तिचे टोक बैठकीवरून किंचित उचललेले राहते, किंवा मुळाशी व कोपऱ्यांत केसासारखी भेग पडते. दुसरे कारण धूळ. काळ्या मातीच्या रस्त्यावर उन्हाळ्यात उडणारी धूळ अतिशय बारीक असते. हवागाळणी फाटलेली, कोरडी किंवा काढून टाकलेली असेल, तर हे कण पाकळी व बैठक यांच्यामध्ये येऊन दर आघाताला कड खातात. 'आवाज खुलतो' म्हणून गाळणी काढून टाकण्याची हौस या दृष्टीने महाग पडते.

तिसरे कारण बैठकीचे रबर. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होऊन तडकते, फुगते किंवा पापुद्र्यासारखे सुटते. पेट्रोलमध्ये आता मिसळले जाणारे इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. १९८० च्या दशकातील बैठकी इथेनॉलयुक्त इंधन डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या नव्हत्या. गाडी टाकीत पेट्रोल ठेवून अनेक महिने उभी राहिल्यास तेलाचा चिकट थर पाकळी बैठकीला चिकटवतो, आणि पहिल्या काही किकांत ती ओढली जाऊन तिची कड दुखावते. इंजिन उलटे पेटून कार्बोरेटरमधून मोठा फटाका फुटणे हेही पोलादी पाकळी वाकण्याचे एक कारण आहे.

लक्षणे

सर्वांत आधी जाणवते ती किक. पूर्वी एक-दोन किकांत सुरू होणारी गाडी सकाळी आठ-दहा किका मागू लागते, चोक ओढल्याशिवाय पेटत नाही, आणि पेटली तरी चोक सोडताच बंद पडते. याचे कारण साध्या हिशेबात आहे. फटीतून मिश्रण निसटण्यास वेळ लागतो. इंजिन १,५०० फेऱ्यांनी फिरते तेव्हा एका फेऱ्याला ०.०४ सेकंद मिळतात. ७,५०० फेऱ्यांना ०.००८ सेकंद, म्हणजे पाचव्या हिश्श्याएवढे. तीच फट मंद गतीला पाचपट वेळ गळते. किक मारताना तर इंजिन याहूनही हळू फिरत असते.

यावरून दुसरे लक्षण निघते. गाडी खालच्या फेऱ्यांत दम धरत नाही, चढावर किंवा मागे ओझे असताना गिअर उतरवावा लागतो, परंतु एकदा फेरे चढले की बऱ्यापैकी पळते. 'खालून उचलत नाही, वर गेली की जाते' ही तक्रार ऐकली की रीड तपासावे. सायलेन्सर काजळीने बुजला असता नेमके उलटे होते: खालची ओढ ठीक, मात्र वेग एका ठिकाणी अडतो. हा भेद केवळ गाडी चालवून कळतो व त्यासाठी एकही पाना लागत नाही. अर्थात पाकळ्यांचा ताण फारच गेला असेल तर वरच्या फेऱ्यांतही त्या वेळेवर न मिटता फडफडू लागतात, व मग दोन्हीकडची ताकद जाते.

तिसरे व सर्वांत बोलके लक्षण म्हणजे उलट फेक. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधील मिश्रण न मिटलेल्या पाकळीतून मागे येते व कार्बोरेटरच्या तोंडातून धुक्यासारखे बाहेर पडते. गाळणी ओली होते. पेट्रोल उडून जाते, तेल मागे राहते, त्यावर धूळ बसते. त्यामुळे गाळणीच्या पेटीत काळा, तेलकट चिखल साचलेला दिसतो. धूळ बसलेली कोरडी गाळणी हा दुर्लक्षाचा पुरावा असतो, ओली गाळणी हा बहुधा रीडचा.

गडद मिश्रणाचा भुलावा

उलट फेकीचा एक परिणाम नीट समजून घेण्याजोगा आहे, कारण बहुतेक चुकीची निदाने येथेच होतात. कार्बोरेटरच्या जेटला हवा कोणत्या दिशेने जाते हे कळत नाही. हवा आत जाताना जेटमधून पेट्रोल घेते, मागे फेकली जातानाही घेते, आणि पुन्हा आत ओढली जाताना तिसऱ्यांदा घेते. परिणामी मंद व मध्यम गतीला मिश्रण गडद होते. प्लग काळा व ओला निघतो, धूर वाढतो, पेट्रोल जास्त लागते.

हा काळा प्लग पाहून कारागीर बहुधा तीन गोष्टी करतो. प्लग बदलतो, त्याने दोन दिवस बरे वाटते. मग जेट एका क्रमांकाने लहान करतो किंवा सुईची क्लिप वर घेऊन सुई खाली आणतो. त्यानेही मंद गतीला सुधारणा दिसते. परंतु वरच्या फेऱ्यांत, जेथे उलट फेक जवळजवळ नसते, तेथे मिश्रण आता आवश्यकतेपेक्षा फिके झालेले असते. फिके मिश्रण म्हणजे वाढलेली उष्णता. पेट्रोलबरोबर येणारे तेलही तेवढेच कमी. महामार्गावर पूर्ण थ्रॉटलने दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर पिस्टन ब्लॉकला धरतो, मागचे चाक अडते, आणि क्लच वेळेवर दाबला नाही तर चालक पडतो. येथे बिघाडाचे मूळ एका पातळ पाकळीत असते, पण खर्च मात्र बोअर, पिस्टन व रिंगांचा होतो. नवा पिस्टन घालूनही रीड तेच राहिले तर हे चक्र पुन्हा सुरू होते.

तिसरी चूक तेलाची. गाळणीच्या पेटीत तेल दिसले की 'ऑइल जास्त होते आहे' असे अनुमान काढून पेट्रोलमधील तेलाचे प्रमाण कमी केले जाते, किंवा तेलपंपाची तार सैल केली जाते. पेटीतील तेल जास्तीचे नसून जागा चुकलेले असते. रीड तपासल्याशिवाय तेलाचे प्रमाण कमी करणे हा टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत निव्वळ जुगार आहे.

खानदेशच्या हवामानाने हा भुलावा अधिक गुंतागुंतीचा होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत किंवा त्यापुढे जातो, तर हिवाळ्यात धुळ्यात पहाटे तो १० अंशांच्या खाली उतरतो. १० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ११ टक्के विरळ असते. साध्या कार्बोरेटरमध्ये त्यामुळे मिश्रण अंदाजे ५ ते ६ टक्के गडद होते. म्हणजे उन्हाळ्यात निरोगी गाडीचाही प्लग थोडा काळपट दिसू शकतो. मे महिन्यात काळा प्लग पाहून लहान केलेला जेट डिसेंबरच्या पहाटे दुप्पट धोकादायक ठरतो, कारण थंडीने मिश्रण आणखी फिके झालेले असते. त्यात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडते. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याच जेटवर ते मिश्रण फिके करते. तीन कारणे एकाच दिशेने ढकलत असताना चौथे कारण हाताने जोडू नये.

इतर दोषांशी भेद

कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबरी नळी तडकली किंवा पॅकिंग फुटले, तर बाहेरची हवा आत शिरते. तेव्हाही किक जड जाते व मंद गती स्थिर राहत नाही, परंतु प्लग पांढुरका निघतो आणि थ्रॉटल सोडल्यावर फेरे वरच लटकून राहतात. थंड असलेल्या इंजिनाच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून, सायलेन्सरचे तोंड व कार्बोरेटरचा मार्ग बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब दिल्यास गळती बुडबुड्यांनी दिसते. चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडून फेरे बदलतात का ते पाहण्याची पद्धत प्रचलित आहे. ती आगीला आमंत्रण देणारी असून टाळावी.

क्रँकच्या मॅग्नेटकडील ऑइल सील गेले तर लक्षणे हवागळतीसारखीच असतात. क्लचकडील सील गेले तर इंजिन गिअरचे तेल ओढते, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो व गिअरपेटीतील तेलाची पातळी उतरत जाते. रीड झिजल्याने गिअरचे तेल कमी होत नाही.

रिंगा झिजल्या असता सिलिंडरचा दाब घटतो. दाबमापक प्लगच्या जागी बसवून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून किका मारल्या की ते समजते. दाब पुस्तिकेत दिल्याप्रमाणे असूनही गाडी खालून ओढत नसेल, तर बोअरचा विचार सोडून रीडकडे वळावे. किक हलकी लागते की जड यावरून अंदाज बांधणारे अनुभवी कारागीर असतात आणि त्यांचा अंदाज पुष्कळदा बरोबरही निघतो, परंतु बोअर करण्याचा निर्णय पायाच्या अंदाजावर घेऊ नये.

कार्बोरेटरची तरंगती सुई गळत असेल तर पेट्रोल ओसंडून वाहते. ते गाडी उभी असतानाही वाहते. रीडची उलट फेक केवळ इंजिन फिरताना होते. पेट्रोलचा कॉक उघडा ठेवून इंजिन बंद करावे व पाच मिनिटे थांबावे. तरीही ओल वाढत असेल तर दोष सुईचा.

न खोलता करावयाची तपासणी

गाडी मोकळ्या जागी, मधल्या स्टँडवर उभी करावी. गाळणी काढून इंजिन सुरू करावे व मंद गतीवर ठेवावे. कार्बोरेटरच्या तोंडापासून चार बोटे अंतरावर पांढरा कोरा कागद धरावा. निरोगी रीडच्या गाडीत कागद तोंडाकडे ओढला जातो व कोरडा राहतो. झिजलेल्या रीडच्या गाडीत अर्ध्या मिनिटात त्यावर तेलकट ठिपके उमटतात. थ्रॉटल हळूहळू वाढवत नेल्यास ठिपके कमी होत जातात. हे कमी होणेच निदान पक्के करते. उलट पेटण्याची शक्यता असल्याने चेहरा तोंडासमोर आणू नये, व जवळ विडी-काडी असू नये हे सांगणे नलगे.

एखाद-दुसरा थेंब सर्वच रीडच्या गाड्यांत दिसू शकतो, कारण पाकळी मिटण्यास काही क्षण लागतातच. संशय तेव्हा घ्यावा, जेव्हा कागद भिजतो.

खोलून करावयाची तपासणी

आरएक्स १०० सारख्या गाडीत रीड ब्लॉक सिलिंडर व कार्बोरेटर यांच्यामध्ये असतो. कार्बोरेटर व नळी सोडवली की तो चार स्क्रूंवर बाहेर येतो, आणि हे काम अर्ध्या तासाचे आहे. बोअर करायला ब्लॉक लेथवर पाठवण्याआधी एवढा अर्धा तास देणे कोणत्याही कारागिराला परवडावे. ब्लॉक निघताच सिलिंडरच्या तोंडात स्वच्छ चिंधी बसवावी.

प्रथम न धुताच पाहावे. धूळ कोठे अडकली, तेलाचा माग कोणत्या पाकळीखालून आला आहे, हे धुतल्यावर कळत नाही. मग रॉकेलने धुऊन, पुसून, वाळवून ब्लॉक उजेडाकडे धरावा व कार्बोरेटरच्या बाजूने आतून पाहावे. पाकळीच्या कडेने उजेडाची रेघ दिसता कामा नये. दिसल्यास फीलर गेजची पाती हलकेच सरकवून फट मोजावी. नेमकी मर्यादा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावी. यामाहाच्या जुन्या मोटारसायकलींसाठी ती साधारण ०.३ मि.मी. इतकी दिलेली आढळते. टोकाशी याहून अधिक फट असलेली पाकळी बाद समजावी.

पोलादी पाकळी काढून नखाने कडेवरून फिरवावी. भेग डोळ्याला दिसण्याआधी नखाला लागते. मुळाशी स्क्रूच्या रेषेत व दोन बोटांमधल्या खाचेच्या टोकाशी विशेष लक्ष द्यावे, कारण ताण तेथे एकवटतो. काचतंतूच्या पाकळीवर पांढरी रेघ दिसली तर ती आतली भेग असते, मळ नव्हे. बैठकीचे रबर बोटाने दाबून पाहावे: सुटले आहे का, त्यावर पाकळीच्या कडेची खोल रेघ पडली आहे का. रबर गेले असेल तर नुसत्या नव्या पाकळ्या बसवून उपयोग होत नाही, पूर्ण ब्लॉक बदलावा लागतो. रबर खरवडून बैठक कानशीने सपाट करणारेही आहेत. पोलादी पाकळी उघड्या ॲल्युमिनियमवर आपटू लागली की ती फार टिकत नाही.

हवेची तपासणी सोपी आहे. कार्बोरेटरच्या बाजूने ओढ दिल्यास पाकळ्या मिटून हवा अडली पाहिजे. त्याच बाजूने फुंकल्यास सहज सुटली पाहिजे. पुष्कळ जण यासाठी ब्लॉकला थेट तोंड लावतात. पेट्रोलमध्ये बेंझिनसारखे अपायकारक घटक असल्याने ही सवय सोडावी. तळहाताने तोंड झाकून रबरी नळी व हातपंपाने हेच काम होते. ब्लॉकमध्ये पेट्रोल ओतून ते गळते का हे पाहण्याची रीतही आहे, परंतु तिचा अर्थ जपून लावावा. पेट्रोलचे वजन पाकळी उघडण्याच्या दिशेने पडते, त्यामुळे निरोगी रीडही थोडे पाझरते. धार लागली तरच दोष म्हणावा.

पाकळीचा तुकडा नसेल तर

पाकळीचा कोपरा किंवा बोट तुटलेले आढळले, तर पहिला नियम असा, की पुन्हा किक मारू नये. उरलेली पाकळी कागदावर ठेवून तिचा बाह्याकार काढावा, सापडलेले तुकडे त्यावर जुळवावेत. जुळणी पूर्ण होत नसेल तर तुकडा आत आहे असे मानूनच पुढे जावे. हेड व ब्लॉक काढून पिस्टनचे डोके, घेर, बाजूचे मार्ग पाहावेत, क्रँककेस पेट्रोलने धुऊन गाळलेल्या कापडावर तपासावी. पोलादी तुकडा कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगमध्ये अडकला तर क्रँकच बदलावा लागतो. तो सायलेन्सरमधून निघून गेलाही असेल. तशा स्थितीत पिस्टनच्या वरच्या कडेवर किंवा बाहेरच्या पोर्टवर त्याचा ओरखडा बहुधा मिळतो.

बदली व जोडणी

पाकळ्या नेहमी पूर्ण संचाने बदलाव्यात. जुनी व नवी पाकळी एकाच ब्लॉकवर असल्यास त्या सारख्या उघडत नाहीत. यामाहाच्या पाकळीचा व स्टॉपरचा खालचा एक कोपरा कापलेला असतो. दोन्हींचे कापलेले कोपरे एकावर एक आले म्हणजे पाकळी सुलटी बसली. जुनी पाकळी उलटून बसवली की फट मिटते आणि गाडी त्या दिवशी छान चालते. परंतु एका दिशेने थकलेले पोलाद आता दुसऱ्या दिशेने वाकू लागते व लवकर तुटते. तंतूच्या पाकळीबाबत हा उपाय गावी पोचण्यापुरता क्षम्य आहे, पोलादीबाबत तेवढाही नाही. डब्याचा पत्रा किंवा गेजची पट्टी कापून केलेल्या पाकळ्यांविषयीही हेच म्हणावे लागते. कात्रीने कापलेल्या कडेवर सूक्ष्म दाते राहतात व प्रत्येक दात्यातून भेग सुरू होते.

स्क्रू बारीक असतात. ते थोडे-थोडे, आळीपाळीने आवळावेत; जास्त आवळल्यास पाकळी मुळाशी मुरडते, कमी आवळल्यास स्क्रू निघून थेट क्रँककेसमध्ये पडतो. स्क्रूला आटे धरून ठेवणारा द्रव एक थेंब लावावा. स्टॉपर वाकवून 'जास्त उघडी' करण्याचा प्रयोग करू नये. वाढलेली उचल पाकळीचे आयुष्य घटवते. ब्लॉकचे पॅकिंग नवे घालावे.

यानंतरचे एक काम हमखास विसरले जाते. रीड झिजलेले असताना जेट, सुई, एअर स्क्रू व तेलपंप यांत जे काही बदल केले असतील ते सर्व मूळ मापावर परत आणावेत. नवे रीड व जुना लहान केलेला जेट ही जोडी पूर्वीपेक्षाही धोकादायक असते, कारण आता गाडी जोमाने पळते व चालक थ्रॉटल पूर्ण उघडतो. शे-दोनशे किलोमीटरनंतर प्लग काढून त्याचा रंग पाहावा. तो विटकरी-तपकिरी असावा.

प्रदूषण चाचणी

दुचाकीची पीयूसी चाचणी मंद गतीवर होते, म्हणजे झिजलेले रीड जेथे सर्वाधिक गळते नेमके तेथे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के व हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकसाठी अनुक्रमे ३.५ टक्के व ६,००० पीपीएम. गडद मिश्रणामुळे दोन्ही आकडे चढतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करू पाहणाऱ्या मालकाची गाडी येथे अडते, आणि मग चाचणीपुरता एअर स्क्रू उघडून मिश्रण फिके केले जाते. असा स्क्रू पुन्हा जागेवर आणला गेला नाही तर मंद गतीला इंजिन तापते.

शेतीची यंत्रे व नौका

केळी व कपाशीवर फवारणीसाठी पाठीवर घ्यावयाच्या टू-स्ट्रोक यंत्रांपैकी, तसेच गवत कापणी यंत्रांपैकी काहींत रीड असते, काहींत पिस्टनच झडपेचे काम करतो. भागांच्या नकाशात पाहून खात्री करून घ्यावी. या यंत्रांची पाकळी झिजण्यापेक्षा हंगाम संपल्यावर टाकीत राहिलेल्या पेट्रोल-तेलाने चिकटण्याचे प्रमाण अधिक. हंगामाअखेर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे हा त्यावरील उपाय. नौकांना मागे लावल्या जाणाऱ्या टू-स्ट्रोक यंत्रांतही रीड झडपा असतात. तेथे खारी हवा पोलादी पाकळीला गंजाचे ठिपके पाडते व भेग तेथून सुरू होते.

बर्फवाहने

कॅनडा, अमेरिका व उत्तर युरोपात बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल वाहनांत टू-स्ट्रोक इंजिन दीर्घकाळ प्रचलित आहे. कॅनडातील बोम्बार्डिए कंपनीची १९५९ मधील स्की-डू हे त्यातील प्रसिद्ध नाव. या इंजिनांत दोन किंवा अधिक सिलिंडर व प्रत्येकाला स्वतंत्र रीड ब्लॉक असतो. त्यामुळे निदानाला एक सोय मिळते: एकाच सिलिंडरचा प्लग काळा व ओला, दुसऱ्याचा तपकिरी, असे असेल तर दोष सामायिक इंधनात नसून त्या बाजूच्या रीडमध्ये, सीलमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये शोधावा. दोन्ही ब्लॉक आपापसांत बदलून पाहिले आणि दोषही बदलला, तर रीडच दोषी. एका सिलिंडरच्या आरएक्सला ही तपासणी दुसऱ्या चांगल्या गाडीचा ब्लॉक उसना घेऊन करता येते. राजदूत ३५० ला दोन सिलिंडर असल्याने ती तिच्यावर थेट लागू पडते.

उणे २० अंशांची दाट हवा मिश्रण फिके करते, म्हणून तेथील वाहनांत मोठे जेट घालावे लागतात; खानदेशातील मे व डिसेंबर यांच्यातील फरकाचेच ते टोकाचे रूप होय. उन्हाळ्यात सहा-सात महिने ही वाहने उभी असतात. त्या काळात पाकळीखाली अडकलेला काजळीचा एखादा कण पाकळीला सतत वाकलेली ठेवतो व हंगामाच्या पहिल्याच दिवशी ती ताण गमावलेली आढळते. भारतात अशी वाहने काश्मीरमधील गुलमर्गसारख्या ठिकाणी पर्यटकांसाठी चालवली जातात.